शुश्रूषेच्या पाळ्या

खारेपाटण म्हटले की आजच्या प्रवाशाला हमरस्ता आठवतो, पूल आठवतो, आणि पावसाळ्यात बाजारपेठेत शिरणारे नदीचे पाणी आठवते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आधी आठवतो तो ताम्रपट. विजयदुर्गाच्या खाडीतून गलबते इथवर येत, त्या काळी हे नावाजलेले बंदर होते. शके ९३० मध्ये, म्हणजे इ. स. १००८ साली, दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने दिलेले दानपत्र या गावी सापडले. ते वाचून प्रसिद्ध केले बाळशास्त्री जांभेकरांनी; आणि शास्त्रीबुवांचे पोंभुर्ले इथून काही फार लांब नाही, ही गोष्ट आम्ही मंडळी पाहुण्यांना आवर्जून ऐकवतो.

राजवंशांच्या यादीसाठी विद्वानांनी हा ताम्रपट पुष्कळ पिंजून काढला आहे. माझे लक्ष दरवेळी जाते ते दानाच्या कारणाकडे. अव्वेश्वराच्या देवळासाठी आत्रेय नावाच्या आचार्यांना गावे दिली, ती कशासाठी? पूजेसाठी, देवळाच्या डागडुजीसाठी, आणि तपस्वी, विद्यार्थी व अभ्यागत यांच्या अन्नवस्त्रासाठी. ज्याला स्वतःचे पोट स्वतः भरता येत नाही, त्याचा खर्च कोणी सोसायचा, याचा हिशेब त्या तांब्यावर कोरून ठेवलेला आहे. राजाने नुसती दया दाखवली नाही, उत्पन्न लावून दिले. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या जुन्या ओळींकडे मी वळलो, त्याला एक ताजे कारण आहे. आमच्या वाडीतला एक तरणाताठा माणूस हमरस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला. आमच्याकडे असा रोगी पूर्वीपासून कोल्हापूरला, गोव्यात बांबोळीला, नाहीतर थेट मुंबईला हलवायचा, हे ठरून गेलेले. दैव बलवत्तर म्हणून जीव वाचला. हातपाय धड आहेत. चारचौघांत बसला तर कोणाला काही कळणारही नाही. पण सकाळची गोष्ट दुपारी आठवत नाही, क्षुल्लक कारणावरून संताप अनावर होतो, आणि अंगण झाडून झाले की दोन तास पडून राहावे लागते. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "काकानू, हे घराक इले, पण पयले होते ते काय इले नाय." मेंदूच्या दुखापतीवरची मोठमोठी पुस्तके वाचली तरी यापेक्षा नेमके वर्णन मला सापडलेले नाही.

शुश्रूषा या शब्दाची गंमत अशी, की त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहून आला. रोग्याचे ऐकून घ्यावे हे तर आलेच. पण शुश्रूषा करणाऱ्याचे कोणी ऐकायचे, हा प्रश्न आपल्या जुन्या वाङ्मयाने फारसा विचारलेला दिसत नाही. महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके त्याने उघडले, आतले किडे काढले, जखम शिवली, आणि बजावले की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजायचे. श्रेष्ठीला सात-सात दिवसांपुढे धीर निघेना. तेव्हा जीवक हसून म्हणाला, सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवसही निजला नसतास! वैद्याची चतुराई कथाकाराने नोंदवली, दक्षिणेचा आकडाही नोंदवला. पण त्या एकवीस दिवसांत श्रेष्ठीला कुशीवर कोण वळवत होते, त्याचे नाव कथेत नाही.

आता परळला येऊ. कोकणातल्या माणसाला परळ, लालबाग म्हणजे गावाचाच दुसरा भाग. गिरणीत कामाला गेलेले चाकरमानी गावाच्या नावाने खोली घेत आणि पाळीपाळीने तिथेच निजत. गावचा कोणी आजारी पडून इस्पितळात आला की त्याच्या नातेवाइकांची वळकटीही त्याच खोलीत पडे. ज्यांना अशी खोली नव्हती त्यांच्यासाठी गाडगेमहाराजांनी जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा उभारली. ताम्रपटातला 'अभ्यागत' तो हाच, असे मला वाटते.

परळचे के. ई. एम. इस्पितळ १९२६ साली सुरू झाले. सेठ गोवर्धनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती, की महाविद्यालयात नेमणूक हिंदी माणसांचीच व्हावी. त्याच इस्पितळात १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा निघाली, देशातली पहिली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. १९३० साली विष्णु निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. खारला त्यांनी मुलांची शाळा चालवली. मग प्रौढ वयात पुन्हा अमेरिकेला जाऊन हे नवे शास्त्र शिकून आल्या. व्यवसायोपचार म्हणजे दुखणेकऱ्याला धंदा लावून देणे, असा पुष्कळांचा समज होतो. तसे नाही. सदऱ्याची बटणे लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, चुलीवरचे दूध उतू जाण्याआधी भांडे उतरवणे, अशी रोजची कामे आधी सुटी करायची आणि एकेक करून पुन्हा शिकवायची, हे ते शास्त्र. १९५२ साली या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिल्या दहा देशांत हिंदुस्थान होता, तो या बाईंच्या खटपटीमुळे.

याच इस्पितळात पुढे जे घडले ते जगाने पाहिले. अरुणा शानभाग ही उत्तर कानडा जिल्ह्यातल्या हळदीपूरची, समुद्राकाठचीच मुलगी, के. ई. एम.मध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. त्या रात्रीचा तपशील दिवाळीच्या अंकात सांगण्याचे कारण नाही. गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि पंचविशीतली ती मुलगी पुन्हा कधी उठली नाही. ४ नंबरच्या वॉर्डालगतच्या खोलीत ती बेचाळीस वर्षे राहिली.

या बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. जिने तिला पाहिले होते ती निवृत्त झाली, जिने फक्त ऐकले होते ती कामाला लागली. नव्या मुलींना त्या खोलीत नेऊन ओळख करून देत. तिला भरवत, कुशीवर वळवत, अंग पुसत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासले तेव्हा इतक्या वर्षांत अंगाला एकही शय्याव्रण झालेले नाही ही गोष्ट पुढे आली. ज्याने घरी महिनाभर कोणाला अंथरुणावर सांभाळले असेल त्यालाच हे केवढे काम आहे ते कळेल. त्याच अहवालात असेही आहे, की माशाचे किंवा कोंबडीचे सूप दिले की तिच्या चेहऱ्यावर हसू येई. मालवणी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मध्यंतरी महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले. परिचारिकांनी विरोध केला, आणि बेत सोडावा लागला. पुढे तिला यातनांतून सोडवावे असा अर्ज न्यायालयात आला. अर्ज करणाऱ्या लेखिकेच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तिनेच अरुणेची हकीकत जगापुढे आणली. पण ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की तिचे सखेसोबती म्हणजे तिला सांभाळणारे इस्पितळातले लोक, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाची अनुमती घेऊन उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच मोकळी झाली, हा विरोधाभासच म्हणायचा. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. अंत्ययात्रेला इस्पितळ लोटले होते.

ही कथा सांगून लोक डोळे पुसतात आणि परिचारिकांना देवी म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या परिचारिका होत्या, म्हणजे त्यांना पगार होता, रजा होती, आणि मुख्य म्हणजे पाळी होती. आठ तासांनी दुसरी येत असे. आमच्या वाडीतल्या त्या सुनेला दुसरी येत नाही. सकाळची, दुपारची आणि रात्रीची तिन्ही पाळ्या तिच्याच.

ही गोष्ट परदेशांतल्या घरांनी आधी ओळखली. इंग्लंडात १९७९ साली काही कुटुंबे एकत्र येऊन 'हेडवे' ही संस्था निघाली. अमेरिकेत एका आईने, मोटार अपघातात मुलीच्या डोक्याला मार लागल्यावर, आपल्यासारख्याच दुसऱ्या घरांना हाका मारल्या आणि १९८० साली राष्ट्रीय संस्था उभी केली. आपल्याकडे जोधपूरचे महाराज गजसिंह यांचे चिरंजीव पोलो खेळताना पडले. त्या अनुभवातून २००७ साली 'इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन' निघाले. राजवाड्यातही शुश्रूषेला माणसे कमी पडतात, हे तेव्हा कळले असावे.

सरकारनेही काही केलेच नाही असे नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कचेरीचा त्रास होऊ नये असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला, तो २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातही आला. रस्त्यावर पडलेल्याला उचलण्याची सोय अशी झाली. पण उचलून, वाचवून घरी आणल्यानंतरच्या वर्षांचे काय? २०१६ च्याच अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. तीत मेंदूच्या आघाताचे नाव वेगळे नाही. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्याने आपले दुखणे दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली बसवून घ्यायचे. हातपाय धड असलेल्या माणसाचे तेही बसत नाही.

या दिवाळीत चाकरमानी गावी आले की वाडीची बैठक भरेल. देवळाच्या कौलांचा विषय आहे, सभामंडपाच्या रंगाचा आहे. तिसरा विषय मी लिहून दिला आहे: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या घरी कोणी बसायचे, म्हणजे सुनेला बाजारात जाऊन येता येईल, आणि तिच्या येण्याजाण्याचे रिक्षाभाडे वाडीच्या वर्गणीतून द्यायचे की कसे.