खनिज तेल निर्यातबंधने आणि पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा

देशात निघालेले कच्चे तेल किंवा त्यापासून तयार केलेले पेट्रोल, डिझेल, विमान इंधन परदेशी पाठवण्यावर सरकारने घातलेली बंदी, लावलेला कर किंवा ठरावीक हिस्सा देशातच विकण्याची सक्ती यांना निर्यातबंधने म्हणतात. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. त्यामुळे कच्च्या तेलाच्या निर्यातीचा प्रश्न येथे क्वचितच उभा राहतो. शुद्ध केलेल्या इंधनाचा मात्र भारत मोठा निर्यातदार आहे. पिंपरी, भोसरी, तळेगाव, चाकण या पट्ट्याला जाणवली ती २०२२ सालची पेट्रोल-डिझेलवरची बंधने.

कच्च्या तेलाबाबतचे धोरण जुने आणि कडक आहे. राजस्थानातील बारमेर क्षेत्राचे उत्पादन २००९ मध्ये सुरू झाले. तेथील जादा तेल निर्यात करू द्यावे ही ते क्षेत्र चालवणाऱ्या केर्न इंडिया कंपनीची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उत्पादकांना देशातील कोणत्याही कंपनीला तेल विकण्याची मोकळीक दिली, पण निर्यातीचे दार बंदच ठेवले. या बंदीमुळे पंपावर स्वस्ताई येत नाही, कारण देशी तेलाचा भावही जागतिक भावाशीच जोडलेला असतो. अमेरिकेचा अनुभवही याच्या जवळचा आहे. तेथे १९७५ च्या कायद्याने आलेली कच्च्या तेलाची निर्यातबंदी डिसेंबर २०१५ मध्ये उठली. त्याआधी काही वर्षे तिथले तेल जागतिक भावाचे मानक असलेल्या ब्रेंट तेलापेक्षा बरेच स्वस्त होते, पण पेट्रोल-डिझेलची निर्यात खुली असल्याने पंपावरचे दर जागतिक बाजाराच्याच मागे गेले. फरकाचा लाभ मुख्यतः शुद्धीकरण कारखान्यांना झाला.

पुणे परिसराला मुंबईच्या भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांच्या शुद्धीकरण कारखान्यांचा आधार आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनी लोणी काळभोरच्या डेपोपर्यंत इंधन आणते आणि तेथून टँकर पंपांवर जातात. निर्यात मोठ्या प्रमाणावर होते ती गुजरातेतून, रिलायन्स आणि नायरा या खासगी कंपन्यांच्या अनुक्रमे जामनगर व वाडीनार येथील कारखान्यांतून. मग जामनगरची निर्यात चाकणच्या मालवाहतूकदाराला का भोवावी?

याचे उत्तर दरांच्या तफावतीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर डिझेलचा जागतिक भाव भडकला. पंपावरचे दर मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून गोठले. घाऊक ग्राहकांसाठी वेगळा, चढा दर मार्चमध्येच लागू झाला होता : मुंबईत बल्क डिझेल लिटरला १२२.०५ रुपये, तर पंपावर ९४.१४ रुपये. स्वतःचा टाकी-पंप बाळगणारे कारखाने, बसवाले, मोठे वाहतूकदार यांनी साहजिकच रस्त्यावरच्या पंपाची वाट धरली. एस.टी. महामंडळानेही तेच केले. खासगी कंपन्यांना देशी पंपावर प्रत्येक लिटरमागे तोटा होत होता आणि परदेशी विक्रीत घसघशीत नफा. त्यांनी पंपांवरील विक्री आखडती घेतली. सारा भार सरकारी कंपन्यांच्या पंपांवर आला आणि जूनमध्ये अनेक राज्यांत टंचाईच्या तक्रारी झाल्या. १७ जूनला केंद्राने खेड्यापाड्यातल्या पंपांसह सर्वच किरकोळ पंपांना ठरलेल्या वेळेत, वाजवी दराने पुरवठा चालू ठेवण्याचे बंधन घातले.

निर्यातबंधन आले ते १ जुलै २०२२ रोजी. निर्यातीवर पेट्रोलला लिटरमागे ६, डिझेलला १३ आणि विमान इंधनाला ६ रुपये कर लागला. देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये आकारले गेले. त्याखेरीज निर्यातदारांनी पेट्रोलच्या निर्यातीच्या ५० टक्के आणि डिझेलच्या ३० टक्के इतके इंधन त्या आर्थिक वर्षात देशात विकावे, अशी अट घातली गेली. वीस दिवसांतच कर सौम्य झाला : पेट्रोलवरचा पूर्ण गेला, डिझेलचा ११ रुपयांवर आला आणि विशेष आर्थिक क्षेत्रातील कारखान्यांची निर्यात करातून सुटली. पुढे दर पंधरवड्याला फेरआढावा होत राहिला. २ डिसेंबर २०२४ रोजी हा कर पूर्ण रद्द झाला.

टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन यांच्या कारखान्यांभोवती वसलेल्या या पट्ट्यात डिझेल सर्वत्र लागते : न्हावा-शेवाकडे निघालेले कंटेनर, नव्या गाड्यांचे ट्रेलर, कामगारांच्या बस, वीज गेल्यावर चालणारे जनरेटर. बंधनांनी येथे इंधन उपलब्ध राहण्याची हमी बळकट केली, ही जमेची बाजू खरी. दर मात्र त्यांनी उतरवला नाही. उतरला तो मे २०२२ मधील केंद्राच्या अबकारी कपातीने (पेट्रोल ८, डिझेल ६ रुपये) आणि १४ जुलैच्या राज्याच्या व्हॅट-कपातीने (५ व ३ रुपये). गोठलेल्या दरांचा बोजा सरकारी कंपन्यांनी उचलला. एप्रिल–जून तिमाहीत देशातील तीन सरकारी तेलविक्री कंपन्यांचा मिळून तोटा अठरा हजार कोटी रुपयांवर गेला.

भट्ट्या आणि उष्णोपचारासाठी अनेक कारखाने महाराष्ट्र नॅचरल गॅसच्या वाहिनीतील वायू वापरतात. त्यांना या बंधनांचा काहीच उपयोग नव्हता, कारण वायूच्या बाबतीत देश आयातीवर अवलंबून आहे. त्यांना दिलासा मिळाला तो १ एप्रिल २०२२ पासून राज्याने नैसर्गिक वायूवरील व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणल्याने.

सर्वांत असुरक्षित राहिला तो दोन-चार गाड्यांचा लहान वाहतूकदार. मोठ्या कंपनीच्या करारात डिझेलचा दर वाढला की भाडे वाढवण्याचे कलम असते. तोंडी बोलीवर गाडी लावणाऱ्याकडे ते नसते. हे कलम लेखी करारात घालून घेणे त्याला कोणत्याही निर्यातकरापेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि उद्योग संघटनांनी तसा नमुना करार या पट्ट्यात रूढ करायला हवा.