आधी वेदना, मग हट्ट

अथेन्स नगरीच्या प्राचीन बाजारचौकात, म्हणजे अगोरात, जे उत्खनन झाले त्यातील वस्तूंच्या संग्रहालयात मातीचे एक चमत्कारिक आसन पाहावयास मिळते. खाली पोकळ बैठक, वर वाडग्यासारखा खोलगट भाग, त्याच्या तळाला भोक आणि पुढल्या अंगाला पाय बाहेर काढण्याची सोय. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी कोणा कुंभाराने घडविलेले हे लहान मुलाचे शौचपात्र होय. अशा आसनावर बसलेली बालके ग्रीक भांड्यांवरील चित्रांतही आढळतात. तेव्हा मुलाला शौचास बसविण्याचा प्रश्न अडीच हजार वर्षांहून जुना आहे, यात संशय नाही.

हा प्रश्न बहुतेक घरांत आपोआप सुटतो. पण काही घरांत तो सुटत नाही. दोन-अडीच वर्षांचे मूल भांड्यावर बसावयास साफ नकार देते. लघवीसाठी ते बसते. परंतु शौचाची वेळ आली की दाराआड जाऊन उभे राहते, पायावर पाय आवळते, चवड्यांवर उंच होते, चेहरा लाल करते आणि कोणी जवळ आले की रडू लागते. दोन दिवस, चार दिवस असेच जातात. मग एके दिवशी खड्यासारखा कठीण मल मोठ्या आकांताने बाहेर पडतो. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी म्हणते, 'मूल हट्टी आहे'. कोणी म्हणते, 'आईने शिस्त लावली नाही'. दोष मुलाचा की आईचा, या वादातच गेल्या तीन शतकांतील बालसंगोपनशास्त्राचा बराच काळ खर्ची पडला. त्या वादाचा निकाल अखेर कसा लागला, हे पाहण्याजोगे आहे.

ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखावे कसे, हा विचार भारतात फार पूर्वी झाला होता. काश्यपसंहिता हा आयुर्वेदातील बालचिकित्सेचा ग्रंथ. नेपाळातील एका खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. त्यात वेदनाध्याय नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. मूल डोके हलविते की डोळे मिटते, कोठे हात नेते, कसे रडते, यावरून त्याची वेदना कोठे असेल याचे अनुमान वैद्याने करावे, असा त्या अध्यायाचा रोख आहे. मुलाच्या वागण्याकडे खोडी म्हणून न पाहता दुखण्याची खूण म्हणून पाहण्याची ही दृष्टी मोलाची होती.

महाराष्ट्रातील घरांत या दृष्टीला आजीबाईच्या बटव्याची जोड मिळाली. बाळहिरडा, वेखंड, मुरडशेंग उगाळून केलेली गुटी, पोटावर हिंगाचा लेप, ठरावीक दिवशी दिलेले एरंडेल आणि अगदीच अडले तर तेलात बुडविलेला विड्याच्या पानाचा देठ, हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांत माया होती. परंतु एरंडेलाच्या दिवशी धरून, नाक दाबून औषध पाजण्याची जबरदस्तीही होती. त्या दिवसाच्या आठवणीने मोठी माणसेसुद्धा तोंड वाकडे करीत.

युरोपात या प्रश्नाला निराळे वळण लागले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हा वैद्यकही शिकलेला होता. एडवर्ड क्लार्क या आपल्या मित्राला मुलाच्या संगोपनाविषयी त्याने जी पत्रे लिहिली, त्यांतून १६९३ साली त्याचे शिक्षणविषयक पुस्तक तयार झाले. त्या पुस्तकात बद्धकोष्ठावर त्याने सविस्तर लिहिले आहे. वारंवार रेचके देऊ नयेत, हे त्याचे मत शहाणपणाचे होते. सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर मुलाला शौचास बसवावे, ही त्याची सूचना तर आजही मान्य आहे. कारण पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याच्या हालचालीस चालना मिळते. पण त्याने पुढे आणखी एक पाऊल टाकले. शौच होईपर्यंत, निदान मुलाने आटोकाट प्रयत्न करीपर्यंत, त्याला खेळू देऊ नये व पुन्हा खावयास देऊ नये, असे त्याने सांगितले. पोट भरणे जसे माणसाच्या हाती, तसेच ते रिकामे करणेही हाती आहे असे मुलाला वाटू द्यावे, हा त्याचा हेतू होता. शरीराच्या क्रियेला आज्ञेची शिस्त लावण्याचा प्रयत्न येथे स्पष्ट दिसतो.

दोनशे वर्षांनंतर हा प्रयत्न टोकास गेला. न्यूयॉर्कचे बालवैद्य ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ साली माता व दाया यांच्यासाठी प्रश्नोत्तररूपाने एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते घरोघर गेले. लवकर आरंभ केला तर दुसऱ्या महिन्यातच तान्ह्या मुलाला ही सवय लागते, असे त्यात म्हटले होते. दायीने गुडघ्यांत लहान भांडे धरावे, रोज दोन वेळा ठरलेल्या घटकेस मुलाला त्यावर धरावे, आणि आरंभी गरज पडल्यास तेल लावलेल्या कागदाची सुरळी किंवा साबणाचा तुकडा आत सरकवावा, अशी रीत त्यांनी दिली. विड्याच्या पानाचा देठ आणि न्यूयॉर्कची ही सुरळी यांत तत्त्वतः फरक नव्हता. फरक होता तो घड्याळाचा. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग यांच्या प्रेरणेने १९०७ साली प्लंकेट सोसायटी स्थापन झाली, अमेरिकन सरकारच्या बालविभागाने १९१४ साली मातांसाठी पुस्तिका काढली, आणि नियमितपणा हा बालसंगोपनाचा परवलीचा शब्द झाला. ज्या आईचे मूल घड्याळाप्रमाणे चालेना, तिने आपल्यालाच अपराधी मानावे अशी स्थिती आली.

या श्रद्धेला पहिला तडा प्रयोगशाळेतून गेला. मर्टल मॅकग्रॉ या संशोधिकेने न्यूयॉर्क येथे जुळ्या भावंडांवर केलेले निरीक्षण १९४० साली प्रसिद्ध केले. जुळ्यांपैकी एकाला अगदी लहानपणापासून दिवसभर तासातासाने भांड्यावर बसविण्यात आले. दुसऱ्याला तसे काही केले नाही. तथापि मूत्रावरील ताबा पहिल्याला आधी आला, असे झाले नाही. मज्जासंस्था परिपक्व होईपर्यंत आईचे श्रम वायाच जातात, असा त्याचा अर्थ. पुढे १९४६ साली बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात मातांना घाई न करण्याचा सल्ला दिला. १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या मुलांची तयारी पाहून, जबरदस्ती न करता शिकविले होते. दिवसा कोरडे राहण्याचे त्यांचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने निघाले. दुसरा महिना कोठे आणि साडेअठ्ठाविसावा कोठे!

इतके झाले तरी दोषारोप थांबला नाही. त्याची दिशा मात्र बदलली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ सालच्या एका निबंधात टापटीप, कंजूषपणा व हट्ट या स्वभावविशेषांचा संबंध बालपणीच्या शौचविषयक अनुभवांशी जोडला होता. त्या विचाराचा प्रसार झाल्यावर, मूल शौच धरून ठेवते ते आईच्या कडकपणाविरुद्धचे बंड होय, असे सुशिक्षित घरांत बोलले जाऊ लागले. आधी मूल अपराधी होते, आता आई अपराधी झाली.

दोघांचीही सुटका केली ती साध्या, चिकाटीने ठेवलेल्या नोंदींनी. अमेरिकेतील बालवैद्य ब्रूस टॉबमन यांनी ४८२ मुलांचा मागोवा घेऊन १९९७ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांपैकी १०६ मुलांनी, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी, निदान महिनाभर भांड्यावर शौच करण्याचे नाकारले होते. हे वागणे विकृत किंवा दुर्मिळ नाही, हे त्यावरून दिसले. पण बद्धकोष्ठ आधी की नकार आधी? नेथन ब्लम, टॉबमन व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली त्याचे उत्तर दिले. ज्या मुलांत दोन्ही गोष्टी आढळल्या, त्यांतील बहुसंख्य मुलांना कठीण मलाचा त्रास आधी होता. नकार त्यानंतर आला. मूल हट्टी म्हणून त्याचा कोठा जड झाला नव्हता. शौचास दुखले म्हणून ते हट्टी दिसू लागले होते.

हे चक्र असे फिरते. मलाशय भरले की आतला स्नायू आपोआप सैल होतो. बाहेरचा स्नायू मात्र माणसाच्या इच्छेने आवळता येतो. एकदा दुखले की मूल पुढच्या वेळी तो आवळून धरते. दाराआड उभे राहून पाय आवळणारे मूल कुंथत आहे असे आईला वाटते. वास्तविक ते मल अडवीत असते. थोड्या वेळाने संवेदना ओसरते. अडकलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते, मल अधिक कठीण व मोठा होतो, आणि पुढची खेप अधिक दुखते. पुष्कळ दिवस असे चालले की मलाशय ताणले जाते व त्याची जाणीव बोथट होते. मग कठीण गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपून कपडे खराब होतात. घरच्यांना तो जुलाब वाटतो, किंवा मुलाची खोडी वाटते, आणि मुलाला मार बसतो. पण त्या वेळी मुलाला कळतही नसते.

म्हणून उपायाचा क्रम उलटावा लागतो. आधी वेदना घालवावयाची, शिस्त मागाहून. मरे डेव्हिडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली हीच दिशा दाखविली: प्रथम साठलेला मल काढावा, मग महिनोन्‌महिने तो मऊ राखावा, आणि औषध हळूहळू कमी करावे. त्या काळी यासाठी खनिज तेल वापरीत. २०१४ साली युरोप व अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी मिळून केलेल्या मार्गदर्शनात पॉलिएथिलीन ग्लायकॉल या औषधाला पहिली पसंती दिली आहे. ते मलात पाणी धरून ठेवते. निदान दोन महिने उपचार चालू ठेवावा आणि त्रास पुरता थांबल्यावर महिनाभर गेल्याखेरीज औषध कमी करू नये, असे त्यात सांगितले आहे. मात्रा अर्थातच डॉक्टरांनी ठरवावयाची. चार दिवस पोट साफ झाले की औषध बंद करणे, ही घरोघर होणारी चूक. कारण आतडे मोकळे झाले तरी मनातील भीती तितक्या लवकर जात नाही. तोवर भांड्याचा आग्रह सोडावा. मूल लंगोटात शौच करण्यास तयार असेल तर ते तसे करू द्यावे. पुढे जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, गोष्ट सांगत, त्याला बसवावे. झाले तर कौतुक करावे, न झाले तर काही बोलू नये.

बसण्याच्या रीतीतही जुन्या घरांचे शहाणपण होते. आई पाय पुढे घेऊन बसे आणि त्यांवर बाळाला बसवी. त्याचे गुडघे वर येत, पाठीला आधार मिळे आणि समोर आईचा चेहरा असे. शहरांतील घरांत कमोड आला आणि मुलाचे पाय अधांतरी लोंबू लागले. पायांखाली एक पाट किंवा चौरंग ठेवला की तो आधार परत मिळतो.

मात्र प्रत्येक बद्धकोष्ठ भीतीचे नसते. कोपनहेगनचे डॉक्टर हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली दोन बालकांची हकिकत मांडली; त्यांचा विकार जन्मजात होता. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसणे हे त्याचे कारण, हे पुढे कळले. जन्मानंतर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत शी झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

अथेन्सच्या त्या मातीच्या आसनावर बसलेल्या मुलाची हकिकत कोणी लिहून ठेवली नाही. पण त्याच्यासारखी असंख्य मुले त्यानंतर दाराआड उभी राहिली, आणि त्यांच्या आवळलेल्या पायांचा अर्थ त्यांच्या माणसांना कळला नाही. आज तो कळला आहे. ज्या घरात असे मूल असेल, तेथे रागाचा पहिला शब्द ओठांवर येण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला जावा: याला दुखते तर नाही ना?