झाडीपट्टीतले मीठ आणि बाळाचा मेंदू

झाडीपट्टीतल्या गोंदिया जिल्ह्याच्या मातीत धान पिकते, तलावांत मासळी मिळते, जंगलात मोह आणि तेंदूपान मिळते. मीठ मात्र इथे बाहेरूनच यायचे. रेल्वेआधी ते बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून येई आणि परतीला त्याच गोणींत धान्य भरले जाई. मिठावरच्या करासाठी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत इंग्रजांनी आखलेली जकात रेषा 1879 मध्ये उठली. त्याच सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाला मोठे जंक्शन केले आणि मीठ वाघिणीतून येऊ लागले.

भाजीला चव आली. पण साध्या समुद्री मिठात आयोडीन नगण्यच असते, धान्यात आणि गोड्या पाण्यातल्या माशांतही ते फारसे नसते. आणि पोटातल्या बाळाचा मेंदू तर त्यावरच घडतो.

गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मेंदू-मज्जारज्जूची मूळ नळी मिटते. अनेक आयांना तेव्हा दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून नळीच्या आतल्या कडेला चेतापेशी जन्मतात आणि आधारपेशींच्या लांब तंतूंवरून, बांबूवर कारल्याचा वेल चढावा तशा, बाहेरच्या बाजूला सरकतात. प्रत्येक नवी तुकडी आधीच्या तुकडीला ओलांडून पुढे जाते, म्हणून मेंदूच्या बाह्यांगाचे थर आतून बाहेर रचले जातात. पेशी योग्य जागी पोहोचण्यासाठी, एकमेकींशी जोडल्या जाण्यासाठी आयोडीनपासून बनणारे थायरॉइडचे संप्रेरक लागते. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते, पण गर्भारपणाच्या मध्यापर्यंत मुख्य भिस्त आईवरच. तीव्र कमतरता राहिली तर बौद्धिक अपंगत्व, बहिरेपण येऊ शकते, आणि नंतर कितीही आयोडीन दिले तरी ते भरून निघत नाही.

देशाला उपाय दाखवला तो हिमाचलच्या कांगडा खोऱ्याने. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी तिथे मिठात आयोडीन मिसळून पाहिले. गलगंड झपाट्याने घटला. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला लक्ष गळ्याच्या गाठीवर होते, मेंदूचे महत्त्व पुढे ठसले. 1992 मध्ये कार्यक्रमाचे नावही ‘गलगंड’ऐवजी आयोडीन-कमतरतेच्या विकारांवर आले. खाण्यासाठी बिनआयोडीन मीठ विकण्यावरची बंदी 1997 मध्ये आली, 2000 मध्ये उठली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. मधली ती सहा वर्षे वाया गेली, असेच म्हणावे लागते. 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच उभा राहत होता.

आज चाचणीच्या किटमधल्या द्रावणाचा एक थेंब चिमूटभर मिठावर टाकला, की आयोडीन असल्यास मीठ निळे-जांभळे होते. गरोदर बाईला दिवसाला सुमारे 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. म्हणून हसऱ्या सूर्याची खूण असलेले आयोडीनयुक्त मीठ घ्या, ते झाकणाच्या बरणीत ठेवा आणि खडे मीठ वापरण्याआधी धुऊ नका. पाण्याबरोबर आयोडीनही निघून जाते.