तीन पाती कुठून आली?

एक्स-रे खोलीच्या दारावरची तीन पाती आपण ओळखतो. त्यांचा जन्म १९४६ सालचा, बर्कलेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला. तिथल्या लोकांनी बऱ्याच आकृत्या सुचवल्या. अणूतून बाहेर पडणारे किरण दाखवणारी ही पसंत पडली. रंग मात्र निळ्यावर किरमिजी! तिथे निळे असे फारसे काही नव्हते, म्हणून चिन्ह उठून दिसे. पण उन्हात निळा विटतो. मग पिवळा आला.

आम्ही वर्गात हे चिन्ह दाखवले, तर मुले म्हणाली, ‘पंखा!’ त्यांचे काय चुकले? शिकवल्याशिवाय ते कळत नाहीच. म्हणून २००७ साली कवटी व पळणारा माणूस असलेले जोडचिन्ह आले. ते यंत्राच्या आत लावायचे, उघडणाऱ्याला दिसेल असे.

२०१० साली दिल्लीत विद्यापीठाने लिलावात काढलेले यंत्र भंगारवाल्यांनी उघडले. आतल्या कोबाल्ट-६०मुळे एक जण दगावला.