युक्तिकल्पतरूंतील नौका आणि आज्ञापत्रांतील गुराबा

नंदुरबारास समुद्र नाहीं. परंतु समुद्राचा विचार येथें नवा नव्हे. प्रकाशें येथें गोमाईस पोटांत घेऊन तापी पुढें सुरतेकडे जाते, आणि मोगली अमलांतील सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता नंदुरबारावरूनच जात असे. पीटर मंडी हा इंग्रज इ. स. १६३० च्या दुष्काळांत याच वाटेनें गेला. सबब किनाऱ्यापासून दूर बसून नौकांविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहे.

प्राचीन भारतीय नौकानयनाची गोष्ट निघाली कीं भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूचा आधार दिला जातो. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं आपल्या ग्रंथांत तो घेतल्यापासून हा प्रघात विशेष रूढ झाला. प्रस्तुत लेखकानेंही संस्कृत शिकवितांना त्यांतील नौकांचीं नांवें मोठ्या अभिमानानें सांगितलीं आहेत. आतां मापें पुन्हां पाहतां मन साशंक होतें. क्षुद्रा १६ हात लांब, ४ रुंद, ४ उंच, हें ठीक. पण मंथरा १२० हात लांब, ६० रुंद आणि ६० उंच! लांबीच्या निम्मी रुंदी व तितकीच उंची, हें प्रमाण भीमेपासून मंथरेपर्यंत बदलतच नाहीं. हें सुताराचें माप नव्हे, गणिताचें आहे. समुद्रांतील लोहचुंबक ओढील म्हणून लोखंडी खिळे वर्ज्य सांगितले आहेत. काथ्यानें शिवलेल्या नावा अरबी समुद्रांत खरोखर चालत. प्रघात खरा, कारण मात्र कल्पित.

याच्या शेजारीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण ठेवावें. तरांडीं मध्यम असावीं, वाऱ्यावांचून निरुपयोगी होणारीं अवजड बांधूं नयेत, पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा. शिवाजीमहाराज १६६५ च्या फेब्रुवारींत मालवणाहून बसरुरावर गेले तेव्हां ८५ गलबतें व ३ मोठीं जहाजें होतीं, हें याच धोरणाशीं जुळतें. लांकडाविषयींची आज्ञा तर आम्हां सागवानाच्या मुलखांतल्यांनीं मुद्दाम वाचावी: सागवान हुजूरच्या परवानगीनेंच तोडावें, रयतेनें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, झाड जीर्ण असलें तरी धन्यास द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें घ्यावें. लिहिणाऱ्यानें डोलकाठी पाहिली होती, तशी कुऱ्हाडही पाहिली होती.

आपण संग्राहक पोथीस रेशमी बासन घालतों आणि हिशेबाचे मोडी बंद रद्दींत देतों. सागवान, काथ्या, डांबर, सुतारांची मजुरी यांचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते नकलेपुरते तरी मंडळाकडे द्यावे, ही विनंती.