सांगवीतल्या नर्सला जर्मनी, दुबई किंवा लंडनला जायचंय? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

सांगवी फाट्याजवळचं जिल्हा रुग्णालय सगळ्यांना 'औंधचं' म्हणून माहीत आहे, पण आहे ते मुळा नदीच्या सांगवीकडच्या काठावर. शेजारीच उरो रुग्णालय. शिवाय पिंपरी-चिंचवडभर खासगी हॉस्पिटल्स. म्हणजे नर्सिंग झालेल्यांना इथं काम मिळतं. प्रश्न पगाराचा आहे.

सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते, वर भत्ते. पण सरकारी जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. खासगीचं काय? 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने एक समिती नेमली. समितीने सांगितलं की 200 पेक्षा जास्त बेडच्या हॉस्पिटलने सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि 50 पेक्षा कमी बेड असले तरी किमान 20,000 रुपये द्यावेत. पण ही शिफारस होती, कायदा नव्हे. ती लागू करणं राज्यांवर सोडलं गेलं. परदेशाचा विचार सुरू होतो तो इथूनच.

जर्मनी: पगार चांगला, पण आधी भाषा

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. 10,000 कुशल तरुणांना तिकडे पाठवायचं ठरलं, त्यात नर्सही होत्या. जर्मन शिकवण्याचा खर्च राज्य उचलणार आणि प्रशिक्षणाची जबाबदारी पुण्यातल्या एससीईआरटीकडे, अशी योजना होती.

तिथं पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी2 पातळीची जर्मन लागते. ड्युटी सांभाळून शिकायचं तर वर्षाहून जास्त वेळ धरून चालायचा. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहिलं जातं. कमी पडलेला भाग तिथं जाऊन प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढावा लागतो. तोपर्यंत काम मदतनीस म्हणून, आणि पगारही मदतनीसाचा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा त्यानंतरचा असतो, हे एजंट सांगत नाही.

ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि तिथं पोहोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. मात्र 'केअर वर्कर' म्हणजे नर्स नव्हे. केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बंद केली आहे. या नावाने आज कुणी व्हिसा विकत असेल तर तिथंच थांबा.

आखात: परीक्षा सोपी, एजंट महाग

आखाती देशांत भाषेची अट हलकी असते. म्हणून गर्दीही तिकडे आणि फसवणूकही तिकडे. 2015 मध्ये कोचीतल्या एका एजन्सीवर सीबीआयने गुन्हा नोंदवला. कुवेतला जाणाऱ्या नर्सकडून नियमाप्रमाणे 19,500 रुपये घ्यायचे होते, घेतले 19.5 लाख, असा आरोप होता. म्हणजे शंभरपट! त्याच वर्षी केंद्राने सौदी, कुवेत, यूएईसह 18 देशांतली नर्सभरती सरकारी संस्थांमार्फतच करायचा नियम आणला. सुरुवातीची दोन्ही नावं केरळची, नोर्का रूट्स आणि ओडेपेक. पुढे यादीत आणखी सरकारी संस्था आल्या.

फिलिपिन्सचं उदाहरण इथं बोलकं आहे. नर्स परदेशी पाठवणं हा तिथं जुना व्यवहार, इतका की परदेशातल्या कामगारांसाठी वेगळं खातंच आहे. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा त्या सरकारने काही महिने नर्सना बाहेर जाऊच दिलं नाही. नंतर परवानगी दिली ती वर्षाला ठरावीक संख्येपुरती.

पैसे आणि कागद

भारतात नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर फुकट तपासता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण अनेकींच्या लक्षात फार उशिरा येते. दुबईच्या लायसन्ससाठी डेटाफ्लो नावाची पडताळणी असते. कॉलेज, नर्सिंग कौन्सिल आणि आधीचं हॉस्पिटल, तिघांकडे तुमचे कागद खरे आहेत का हे विचारलं जातं. त्यामुळे नोकरी अचानक सोडून अनुभवाचं पत्र न घेता निघालेली नर्स इथं अडकते. काही ठिकाणी बाँडच्या नावाखाली मूळ सर्टिफिकेट कपाटात ठेवून घेतात. नर्सच्या बाँडची ही पद्धत बंद करा, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलने 2011 मध्येच सांगितलं होतं. कुणी सर्टिफिकेट मागितलंच तर झेरॉक्स द्या, मूळ प्रत देऊ नका. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेळच्या वेळी रिन्यू करा. ते संपलेलं असेल तर जर्मनी, दुबई, लंडन, तिन्हीकडची फाइल पुढे सरकत नाही.