मोले वनक्षेत्र आणि तमनार वीजवाहिनी

गोव्याच्या पूर्व सीमेवरील, प्रामुख्याने धारबांदोडा तालुक्यात येणारे संरक्षित रान. भगवान महावीर अभयारण्य (1969) आणि त्यातील मोले राष्ट्रीय उद्यान (1978) मिळून क्षेत्रफळ सुमारे 240 चौ. किमी. सीमेपलीकडे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प. दूधसागर धबधबा अभयारण्याच्याच हद्दीत आहे. वीजवाहिनी, रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण आणि महामार्गाचे रुंदीकरण हे तीन प्रकल्प एकाच वेळी आल्याने 2020 पासून मोले वादाचा विषय झाले. या नोंदीत फक्त वीजवाहिनीचा आणि तिच्या वाटेतल्या वनस्पतींचा विचार केला आहे.

मोलेचे उतार किंदळ, ऐन, नाणा, जांबा यांच्या पानझडी रानाने व्यापलेले आहेत. व्हाळाच्या घळीत उतरले की रान पालटते. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, पाचोळा मार्चमध्येही ओलसर असतो. सीतेचा अशोक, कोकम, रानजायफळ आणि उंबळी ही अशा सावलीतली मंडळी. उंबळी ही झाडांवर चढणारी दणकट वेल असली तरी तिला खरी फुले येत नाहीत. ती अनावृतबीजी वर्गातली आहे. सीतेचा अशोक जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे.

या रानातली कावशी मुद्दाम थांबून पाहावी. पश्चिम घाटाबाहेर हे झाड नैसर्गिकरीत्या उगवत नाही. त्याच्या फांद्यांवर काटेरी गोळे दिसतात आणि पाहणारा त्यांना फळे समजतो. प्रत्यक्षात त्या एका सूक्ष्म किडीने घडवलेल्या गाठी असतात. खरे फळ लहान असून त्याला दोन लांबट पंख असतात. पावसाच्या तोंडावर ते गिरक्या घेत खाली येते, पण दाट रानात फार लांब जात नाही. बी साठवून ठेवता येत नाही. थोडे दिवस सुके गेले तरी त्याची रुजण्याची ताकद जाते. रोपाला सावलीचा आधार लागतो. म्हणजे आईच्या छायेतली ओल हीच त्याची रोपवाटिका.

तमनार हे छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्यातले ठिकाण. त्यावरून नाव पडलेल्या तमनार प्रकल्पातील 400 केव्ही वीजवाहिनी कर्नाटकातील नरेंद्र येथून गोव्यातील शेल्डेपर्यंत आणायची, असा बेत होता. उपकेंद्रासाठी मोलेजवळचे सांगोड निवडले गेले. अभयारण्यातील सुमारे साडेअकरा हेक्टर जागेला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीतल्या ऑनलाईन बैठकीत, संमती दिली.

साडेअकरा हेक्टर हा आकडा फसवा आहे. या दाबाच्या वाहिनीसाठी 46 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. त्या हिशोबाने अभयारण्यात अडीच किलोमीटर लांबीची पट्टी निघते आणि रानाला दोन्ही बाजूंनी मिळून पाच किलोमीटर नवी कड लागते. तारा आणि झाड यांत किमान साडेपाच मीटर अंतर ठेवावे लागत असल्याने पट्ट्यात उंच झाड पुन्हा वाढू देता येत नाही. कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, पाचोळा वाळतो, मोकळ्या जागी रानमोडीचे तण माजते. कावशीचे बी अशा जमिनीवर पडले तर वाया जाते. तोडलेल्या झाडांची गणती करून दुसरीकडे तितकी रोपे लावणे ही भरपाई नव्हे, कारण इथे दुर्मिळ आहे ती झाडाखालची ओली सावली, आणि ती कोणत्याही रोपवाटिकेतून आणता येत नाही.

गोव्यात ‘आमचें मोलें’ या नावाने लोकचळवळ उभी राहिली. गोवा फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 च्या अहवालात नवा पट्टा तोडण्याऐवजी अभयारण्यातून आधीच गेलेल्या जुन्या वाहिनीचा मार्ग वापरण्याची शिफारस केली, आणि 2022 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. जुन्या वाहिनीखालची जमीन आधीच उघडी पडलेली असल्याने घळींतल्या रानाला नवी कड पाडावी लागत नाही.